खाणीतल्या दगडाचा वास

आजऱ्याच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, बॉक्साईटची जुनी बोगद्याची खाण हाय. बंद पडून वीस वर्सं झाली. कॉलेजची पोरं दगड बगायला येणार, वाट दाखवा, असा वर्षाराणी मॅडमचा निरोप खाणीतल्या जुन्या कामगाराला, बाळासोला आला. त्याची लेक प्रीती त्याच वर्गात, म्हणून त्यो निघाला. न्हायतर त्या बोगद्याकडं त्यो थुंकायबी गेला नसता.

त्याचा थोरला भाऊ गुंडू तितंच गाडला गेलता. त्या दिवशी आत दोघांची कडाक्याची भांडणं झाली. बाळासो तणतणत एकटाच भाईर आला. सुरुंग पेटवायच्या आदी मुकादमानं इचारलं, "आत कोण न्हाय न्हवं?"

"न्हाय. आत कोण न्हाय."

रागात बोलून गेला. बोल मागं घ्यायच्या आत बार उडाला. हे त्यानं बायकूलाबी कदी सांगितलं न्हाय.

आज भाईर ऊन रणरणत हुतं आन् बोगद्यात पाय गारठत हुतं. मॅडम म्हणाल्या, "दगडावर तोंडाची वाफ सोडा आणि लगेच हुंगा. ओल्या मातीचा वास येईल."

"मॅडम, मला तर ह्याच्या तोंडाचाच वास यायलाय!" एक पोरगं शेजारच्याकडं बोट करून बोललं. सगळी फिदीफिदी हासली.

बाळासोनंबी एक दगड उचलला. हाऽ केलं. हुंगला.

विडी. घाम. गुंडूच्या अंगाचा वास.

दगड हातातनं सुटला. "भाईर व्हा! सगळी भाईर!"

"अहो, आत्ताच तर आलो..."

"मॅडम, डोस्कं फिरवू नगा माजं. चला!"

पोरं भाईर पडली. प्रीती न्हाय.

"प्रीतेऽऽ!"

आतनं कायबी न्हाय. नुसती गार हवा तोंडावर यायची, परत आत जायची. झोपलेल्या माणसाच्या छातीगत.

बाळासो दोन पावलं आत सरकला. त्यो दबक्या आवाजात म्हणाला, "दादा... मला ठावं हुतं तू आत हायस. तरीबी बोललो मी... राग माज्यावर काड. लेकराला सोड..."

लांब बॅटरीचा उजेड हालला. "आबा, कुणासंगं बोलताय?" धुळीनं माखलेली प्रीती पुढं आली. त्यानं तिचं मनगट धरलं, ते उन्हात आल्यावरच सोडलं.

जीपजवळनं मॅडम ओरडल्या, "सगळे आले ना? आत कोणी नाही ना?"

लगेच जबाब आला. आवाज बाळासोचाच, पर तरण्या गड्याचा, रागानं फुललेला.

"न्हाय. आत कोण न्हाय."

मॅडमनी मान हालवली आन् जीपमदी बसल्या.

प्रीती मातूर बापाकडंच बगत हुती.

"आबा... तुमचं तोंड तर मिटलेलंच हुतं की."