भोपळ्याची वही

"फुंकर मार की जोरात!" रक्षिता ओरडली.

तिच्या भावानं, सोमेशनं, टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारली, खटकन बसवली आणि पडद्यावर भोपळ्या उडी मारून आला! कॅसेट जपानी. त्यातलं एक अक्षर इचलकरंजीत कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या गोल डोक्याच्या वीराचं नाव या पोरांनीच ठेवलं होतं. आता तुमच्या मोबाईलमध्ये दोनशे गेम असतील हो! १९९८च्या मे महिन्यात यांच्याकडं एकच होता आणि त्यात यांचा जीव होता.

तिसरी दानेश्वरी, शशिधरकाकाची आठ वर्षांची लेक. तिला कधीच पाळी मिळायची नाही. "तू टाळ्या वाजव," सोमेश म्हणायचा.

तेवढ्यात काका आला. दुपारची झोपमोड झाली म्हणून त्यानं कॅसेट उपसली, फरशीवर आपटली आणि टाचेनं चेचली!

"रडा आता!" तो हसत म्हणाला.

आता भोपळ्या उरला फक्त रक्षिताच्या वहीत. आज्जांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मागावरचं डिझाईन चौकटीच्या कागदावर काढत, आणि गेममधलं चित्रही चौकटींचंच! वर्षभर टीव्हीला नाक लावून, एकेक चौकट मोजून तिनं भोपळ्या उतरवला होता. चौथ्या दिवशी ती वहीच गायब झाली.

"शेडमध्ये चल!" सोमेश धापा टाकत आला. "मागावर भोपळ्या विणायलाय!"

खरंच! टॉवेलवर भोपळ्यांची रांग पळत होती. शिवाप्पाआज्जा काकाची पाठ थोपटत होते. "तू काढलास व्हय हे? मग नवी शेड तूच बघ!"

"लई डोकं लावलं, अप्पा," काका बिनदिक्कत म्हणाला. रक्षिता तोंड उघडणार तोच त्यानं तिचा कान पिळला. "पुन्हा इथं दिसलीस तर तंगडं मोडीन!"

बाहेर येताच रक्षिता म्हणाली, "रडायचं न्हाय. चोराला पुन्हा चोरायला लावायचं!"

काका कागद कधी नीट बघत नसे. तो थेट शेडमधल्या कारागिराकडं, बाळासोकडं द्यायचा. बाळासो चौकटी बघून पुठ्ठ्याला भोकं पाडी आणि त्यावरून माग विणी. रक्षितानं नव्या वहीत एका मोठ्या चित्राचे बारा पानांवर बारा तुकडे केले. नुसत्या काळ्या चौकटी! चित्र जुळणार ते कापडावरच.

चौकटी भरायला तिनं दानेश्वरीला बसवलं.

"मलापण घेतलंसा?" दानेश्वरी हरखून गेली. "काय हाय हे?"

"राक्षस. भोपळ्याचा दुश्मन. एकपण चौकट चुकायची न्हाय हं!"

सोमेश तोंड दाबून हसला. पोरगी तीन दुपारी जीभ दातात धरून चौकटी भरत होती. मग रक्षिता ही वही काकाच्या खाटेवर 'विसरली' आणि संध्याकाळपर्यंत ती नाहीशी झाली!

आठव्या दिवशी व्यापारी हंबीरराव आले. काकानं ऐटीत नवा टॉवेल पसरला आणि शेडमधली माणसं एकदा टॉवेलकडं, एकदा काकाकडं बघू लागली. त्यावर काकाच होता! ढेरपोट्या, मिशाळ, पायाखाली कॅसेट, बगलेत चोरलेली वही!

"आज्जा, भोपळ्याची वहीपण ह्यांनीच चोरली!" रक्षिता पुढं झाली.

आज्जांनी काकाच्या हातात पेन्सिल दिली. "काढ की भोपळ्या. इथंच, माझ्यासमोर."

काकाला साधं डोकं गोल काढता येईना! हंबीरराव पोट धरून हसत सुटले. "राक्षस झकास हाय! पायपुसण्यावर टाका, हजार नग द्या!"

काका भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. रक्षिताला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगा!

आज्जांनी तिला भोपळ्याची वही परत दिली. "शाब्बास पोरांनो! टकुरं चालवलंसा! आणि मिशी तर हुबेहूब. कुणी भरली?"

"हिनं!" सोमेशनं दानेश्वरीला पुढं ढकललं. सगळी शेड हसली. आज्जांनी तिचीही पाठ थोपटली.

दानेश्वरीनं टॉवेलकडं बघितलं, मग बापाकडं.

"आक्का," ती म्हणाली, "तू राक्षस म्हणालीस की गं."

रक्षितानं वही छातीशी धरली.