कोटाने चालवलेली लाँच

"हे कुणालाही पटायचं नाही, आधीच सांगून ठेवतो," आजोबा म्हणाले. "आज दुपारी एका कोटाने लाँच चालवली."

पिटुकली सरसावून बसली. सर्दी झाली म्हणून बाबांनी तिला बोटीत घेतलं नव्हतं, त्यामुळे गेलेल्यांची हकीकत तिला इत्थंभूत हवी होती. आजोबाही गेले नव्हते. पण धक्क्यावरून जे दिसलं नाही ते म्हणे त्यांना ऐकू आलं, आणि जे ऐकू आलं नाही ते त्यांना माहीतच होतं!

तर झालं असं. पिटुकलीचे बाबा, म्हणजे तिची आतेबहीण बॅटरी आणि आतेभाऊ भोंगा यांचा मामा, त्या दोघांना घेऊन शिडाच्या बोटीतून निघाले. वारा डावीकडून छान लागला होता. आज पहिल्यांदाच सुकाणूची दांडी बॅटरीच्या हातात होती. पण मामाने आधीच बजावलं होतं, सांगितल्याशिवाय दांडी हलली तर सुट्टी संपेपर्यंत बोटीत पाय ठेवायचा नाही.

थोड्या वेळाने उजवीकडून एक पांढरी लाँच येताना दिसली. मामाने ऐटीत हात केला. लाँचच्या काचेमागे टोपी घालून बसलेला कप्तान ढिम्म हलला नाही. आखडू दिसतोय, मामा पुटपुटला.

बॅटरी मात्र कप्तानाकडे नाही, दोराकडे बघत होती. डोलकाठीला उजवीकडून आधार देणारा तो जाड दोर. बोट सरळ धरून, मान न हलवता तिने पाहिलं. लाँच बरोबर दोरामागे होती. ती दोराच्या पुढे सरकली असती, तर समोरून निघून गेली असती. मागे पडली असती, तर मागून. पण लाँच दोराला चिकटल्यासारखी तिथेच राहिली आणि नुसती मोठी होत गेली.

"मामा, ही आपल्याला धडकणार."

मामा हसला. शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते, हक्क आपला आहे, वळतील तेच, असं त्याने सावकाश समजावलं.

"हक्काचं तुला माहितीय. त्यांना कोण सांगणार?"

एवढ्यात दुर्बिणीला डोळे लावून बसलेला भोंगा हळूच म्हणाला, "मामा, त्या कप्तानाला टोपी आहे. टोपीखाली तोंडच नाहीये."

खुर्चीच्या पाठीवर नुसता कोट वाळत टाकला होता आणि त्यावर टोपी! लाँच आपोआप दिशा धरणाऱ्या यंत्राच्या भरवशावर नाकासमोर चालली होती.

तरीही मामा म्हणाला, सरळ ने. हक्क म्हणजे हक्क. आता लाँचच्या खिडक्यांचे पडदेही दिसू लागले होते. दांडी हलवली तर सुट्टी गेली, नाही हलवली तर बोट गेली. पण मामाची एक सवय बॅटरीला पक्की ठाऊक होती. बोटीवर कुणी हुकूम सोडला की मामाचे हात आधी काम करतात, तोंड मागाहून विचारतं.

"शिडाचा दोर सोड!" ती कडाडली.

मामाने दोर सैल सोडला आणि मग विचारलं, "का?"

तोवर तिने दांडी डावीकडे लोटली होती. बोटीचं नाक गर्रकन उजवीकडे, लाँचच्या शेपटाकडे वळलं. लाँच समोरून धडधडत निघून गेली, आणि मागच्या बाजूला दिसले खरे चालक, पाहुण्यांबरोबर पत्ते खेळताना! भोंग्याने अशी आरोळी ठोकली की हातातले पत्ते उडाले, त्यातला राजा म्हणे अजून खाली आलेला नाही.

दोन्ही बोटी धक्क्याला लागल्यावर चालक धावत आले, कान धरून त्यांनी माफी मागितली. एवढी बारीक नजर आपल्याकडे असती तर, असं म्हणून त्यांनी बॅटरीची पाठ थोपटली.

"आणि मग," आजोबांनी आवाज खाली आणला, "मामाने सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, उद्यापासून सुकाणू तुझं. मी हक्क धरून बसलो, पोरी. चुकलो मी."

पिटुकली ताडकन उठली.

"कोटाने लाँच चालवली, मानलं. राजा वरच राहिला, तेही मानलं. पण माझे बाबा 'चुकलो' म्हणाले? आजोबा, साफ खोटं!"