दुसऱ्या पॅनेलची आंघोळ

दसऱ्याच्या सकाळी झाडूराम या यंत्रमानवाने एक अजब बातमी आणली. "आप्पा, गच्चीवरचं दोन नंबरचं पॅनेल आज एक नंबरइतकीच वीज देतंय. आणि मला कालपासून सगळं पिवळं दिसतंय."

आप्पा हातातला चहा तसाच ठेवून उठले. आप्पा म्हणजे कादंबरीचे आजोबा, प्राध्यापक खरात. ते माणदेशातल्या विद्यापीठात सौरऊर्जा शिकवायचे आणि प्रयोगशाळेला लागूनच राहायचे. २०६० साल उजाडलं, तरी माणदेशात ऊन रग्गड आणि पाणी नावाला, हे काही बदललं नव्हतं. धुळीचं तर विचारूच नका.

गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारी तीन पॅनेलं शेजारी शेजारी होती. पहिलं झाडूराम रोज पुसायचा. दुसऱ्या-तिसऱ्याला मात्र कुणीही हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

"अकरा महिने न पुसलेलं पॅनेल एका रात्रीत लख्ख कसं झालं?" आप्पा चक्रावले. "पाऊसही पडला नाही."

"पडला असता तरी काय?" रुबीनाताई म्हणाली. "तुमचा पाऊस काच धूत नाही, नुसते चिखलाचे ठिपके पाडतो." रुबीना मुकादम कोकणातल्या विद्यापीठातून वर्षभरासाठी इथे संशोधनाला आली होती.

जिन्याच्या दारात नऊ वर्षांची कादंबरी उभी होती. तिचा चेहराच सगळं सांगत होता.

"मी धुतलं," ती म्हणाली. "काल खंडेनवमी होती ना. तुम्ही सगळी अवजारं पुसली, पुजली. मी झाडूरामच्या डोळ्यालासुद्धा हळद लावली. त्या पॅनेललाच कुणी काही केलं नाही. वर्षभर राबतंय बिचारं! म्हणून मी त्याला आंघोळ घातली."

रुबीनाताई रागावली नाही. ती कठड्यावर मटकन बसली. कादंबरीला त्याचीच जास्त भीती वाटली.

आप्पांनी नातीला जवळ घेतलं. "रुबीनाताईच्या विद्यापीठाने एक विलेपन (काचेवर चढवलेला, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर) तयार केलंय. त्यावर धूळ चिकटत नाही, वाऱ्यानेच उडून जाते. ते तिसऱ्या पॅनेलवर आहे. पण कोकणात आपल्यासारखी धूळ कुठली? आणि आपल्याला असला थर बनवता येत नाही. म्हणून दोन्ही विद्यापीठांनी हात मिळवले. थर त्यांचा, धूळ आपली. त्यांची मुलं इथे शिकतात, आपली तिकडे."

"मग दुसरं पॅनेल कशाला?"

"समज, तू गुलाबाला नवं खत घातलंस आणि तो फुलला. खतामुळे फुलला की तसाही फुलणार होता, कसं ओळखशील?"

कादंबरीने विचार केला. "शेजारी बिनखताचा गुलाब ठेवीन."

"तोच तुलना-नमुना (ज्याच्याशी ताडून बघायचं, तो). दुसरं पॅनेल साधं, बिनथराचं. ते किती मळतं, त्याची वीज किती घटते, यावरून थराचा गुण कळणार होता."

"म्हणजे मळणं हेच त्याचं काम होतं?" कादंबरी म्हणाली. "आणि मी ते पुसून टाकलं."

"आता बाजरीची मळणी सुरू होईल," रुबीनाताई हळूच म्हणाली. "सगळ्यात जास्त धूळ तेव्हाच उडते. सगळे ऋतू पुरे व्हायला हवेत, असं आमचं ठरलं होतं. दिवाळीला वर्ष भरलं असतं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग करू या! मी राखण करीन."

"करायचंच आहे गं. पण माझी मुदत दिवाळीला संपते. माझ्या जागी दुसरं कुणीतरी येईल."

कादंबरी हमसून हमसून रडायला लागली. "चूक तुझ्या एकटीची नाही," आप्पा म्हणाले. "हात लावू नको, एवढंच मी बजावत राहिलो. का लावू नको, ते सांगितलंच नाही. जन्म गेला शिकवण्यात, आणि घरच्या पोरीला सांगायचं राहिलं. दिव्याखाली अंधार!" त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

दिवाळीला तिन्ही पॅनेलं धुऊन प्रयोग नव्याने सुरू झाला आणि रुबीनाताई कोकणात परतली. निघताना तिने कादंबरीच्या केसांवरून हात फिरवला. "धूळ सांभाळ हं," एवढंच ती म्हणाली.

वर्ष सरत आलं. पुन्हा खंडेनवमी आली. कोकणातून नव्याने शिकायला आलेला एक विद्यार्थी ओलं फडकं घेऊन दुसऱ्या पॅनेलकडे निघाला.

"थांबा दादा! आधी का ते सांगते, मग हात लावू नका म्हणते," कादंबरी म्हणाली. तिने त्याला खतवाल्या आणि बिनखताच्या गुलाबाची गोष्ट सांगितली. त्याने फडकं खाली ठेवलं.

मग तिने झाडूरामला हळद लावली, या वेळी कपाळाला. दुसऱ्या पॅनेलसमोर मात्र हातभर लांब, जमिनीवरच झेंडूचं फूल ठेवलं. तिसरं पॅनेल उन्हात चमकत होतं.

तेवढ्यात कादंबरीजवळच्या फोनच्या पडद्यावर रुबीनाताई दिसली. "काय गं, कशी आहे धूळ?"

"मस्त साचलीय! दिवाळीपर्यंत वर्ष भरतंय." कादंबरी म्हणाली. "ताई, तुम्ही इथे हव्या होतात."

"मलाही यायचं होतं गं," रुबीनाताई म्हणाली. "जरा पडदा त्या पॅनेलकडे वळव ना. बघू दे मला."

कादंबरीने पडदा वळवला, आणि धूळ उडू नये म्हणून स्वतः दोन पावलं मागे सरली.