आठ कुणी घातला?

"आठ कुणी घातला?"

पाट्या रंगवायच्या त्या दुकानात गणिताच्या बाई शिरल्या त्याच हा प्रश्न घेऊन. पाटीच्या मजकुराची कालची चिठ्ठी वहिनीने घेतली होती, त्यामुळे पेंटरने बाई पाहिल्या त्या आत्ताच. आणि पाहतच राहिला गडी! ब्रश गळतोय, त्याचंही भान नाही.

"मीच की," तो ऐटीत म्हणाला. "चिठ्ठीत सातनंतर एकदम नऊ! म्हटलं, घाईत राहिला असेल. फुकट घातलाय."

"अहो, ती संख्याच तशी आहे! १२३४५६७९. आठ नाहीच तिच्यात. आणि अर्ध्या तासात शाळेत प्रदर्शन!"

मागे अक्षरं कापत बसलेली वहिनी फिसकन हसली. "घ्या भावोजी! करा आणखी शहाणपणा."

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. त्याने पांढऱ्या रंगाने आठ बुजवला. सात आणि नऊच्या मध्ये पडलेल्या दातासारखी फट राहिली.

"पण बाई... आठावर एवढा राग का?"

"आवडता आकडा सांगा."

"पाच."

"नऊ पाचे पंचेचाळीस. आता पंचेचाळीसने गुणा हिला."

त्याने पुठ्ठ्यावर ब्रशनेच गुणाकार मांडला. पाच... पाच... पाच... ओळीने नऊ पाच!

"आयला!" म्हणाला, आणि जीभ चावली.

"आणि तुमचा आठ घातला, की त्या पाचांत मध्येच शून्य घुसतं." बाई हसल्या आणि ओली पाटी कडेने धरून पळाल्या. गालाला पांढरा ठिपका लागलेला... तो सांगायचाच राहिला.

मग दोन दिवस हा जो सुटला! डबे, फळ्या, शिडी, सगळीकडे गुणाकार.

"एकदा विचारून टाका ना बाईंना," वहिनी म्हणाली.

"काय विचारू? त्या गणित शिकवतात, मी सातवीनंतर शाळा सोडली."

तिसऱ्या दिवशी तो बाहेरून आला, तर वहिनीने चिठ्ठी पुढे केली. 'नवी पाटी. १२३४५६७९ गुणिले ७२. फक्त उत्तर रंगवा.'

त्याने गुणलं. आठ... पुन्हा आठ... अरे, सगळेच आठ!

वहिनी खांद्यावरून डोकावली. "आठ, आठ, आठ... भावोजी, ही पाटी नाही. आठवण आहे ही!"

रंग वाळायची वाट कोण बघतो? मधल्या सुट्टीत हा शाळेच्या फाटकात, धापा टाकत.

"बाई! नसलेला आठ... नऊ वेळा आला!"

"मग? कळलं का काही?"

"कळलं. पण बाई... मी सातवी पास. आठवीचं तोंड नाही पाहिलं. माझ्यातही आठ नाही."

बाईंनी पाटी हातात घेतली. रंग बोटांना लागला, तरी सोडली नाही.

"म्हणून तर," त्या हळूच म्हणाल्या, "गणित जमतंय."

"मग... मध्ये शून्य नाही ना घुसणार?"

"तुम्ही शहाणपणा केला नाहीत, तर नाही."

घंटा झाली. बाई वळल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"शाळा पाचला सुटते, पेंटर. आठला येऊन उभे राहू नका!"