लिंबाच्या वासाचा लाल डबा

शेवटी सगळे जागे झाले. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. घाबरून पुन्हा सुरुवात करू.

चहा पिऊन वीस मिनिटं झाली आणि सहा माणसं एकेक करत खुर्चीतून घरंगळली. त्यात दवाखान्याच्या फार्मासिस्टची ताई होती. तिचा श्वास मिनिटाला आठ.

प्रयोग साधा होता. लेमन बाम नावाच्या, पुदिन्याच्या कुळातल्या पाल्याने जिवाची घालमेल कमी होते का? सहा जणांना लाल डब्यातला चहा, सहा जणांना हिरव्यातला. एकात लेमन बाम, दुसऱ्यात तसाच भासवलेला भलता पाला. कशात काय, ते तिजोरीतल्या बंद पाकिटात.

लालवाले आडवे. हिरवेवाले शांत होते, एक किंचाळणारा सोडून.

"औषध जरा जास्तच लागू पडलं," डॉक्टर म्हणाले. अभ्यास त्यांचाच. "लाल डबाच लेमन बामचा. वास घ्या की!"

"डॉक्टर, आजवरचे अभ्यास छोटे आहेत. कुणाला थोडा आराम पडतो, कुणाला काहीच नाही. सहाच्या सहा आडवे? यात झोपेच्या गोळ्या आहेत," फार्मासिस्ट म्हणाली.

सहा जणांना हलवलं होतं त्या अतिदक्षता विभागाचा फोन आला. "कोणती गोळी ते कळवा. उतारा त्यावर ठरेल. तुमच्या ताईचा श्वास आता सात!"

गोळ्यांचं कपाट सकाळपासून उघडंच होतं. डब्यांपाशी दोघेच गेले होते: डॉक्टर, आणि पाला पिकवणारे माळीकाका. लेमन बाम जिंकला तर एकाचा शोधनिबंध छापला जाणार, दुसऱ्याचा मळा तरणार.

फार्मासिस्टने लाल डबा काकांपुढे धरला.

"काका, यात काय घातलंत?"

"यात? हा माझा पालाच नाही, पोरी. देठ बघ, गोल. माझा चौकोनी असतो, पुदिन्यासारखा. शिवाय वाळल्यावर वास उडतो त्याचा. याला कुणी लिंबाचं तेल चोपडलंय."

तिने तिजोरी उघडली, पाकीट फाडलं. लाल: खोटा चहा, वासापुरतं लिंबाचं तेल.

"गोळ्या घालणाऱ्याला लेमन बाम जिंकायला हवा होता," ती म्हणाली. "पण घातल्या खोट्या डब्यात. काका डोळे मिटूनही असे चुकले नसते. हा माणूस वासावर गेला. त्याने या पाल्यावर ढीगभर निबंध वाचलेत, पाला कधी पाहिला नाही. डॉक्टर, कोणती गोळी? किती?"

डॉक्टर पुटपुटले, "मला वाटलं, नुसती गुंगी येईल..."

"नाव सांगा!"

त्यांनी सांगितलं. तिने ते फोनवर ओरडून सांगितलं आणि ऐकत राहिली. सात. नऊ. चौदा. मग ताईचा आवाज: "कोण बोंबलतंय? किती छान झोपले होते!"

पोलिसांनी डॉक्टरांना नेलं, डबाही नेला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात ताईचा अर्ज आला.

"विषय: उरलेला चहा मिळणेबाबत. महोदय, मी लाल गटातील सहभागी असून मला अकरा वर्षांत प्रथमच सलग झोप लागली. तरी जप्त केलेला डबा पुरावा म्हणून वापरून झाल्यावर उर्वरित चहा मला घरपोच मिळावा, ही नम्र विनंती."