सड्यावरची रेंज

जांभ्याने आधी तिची चप्पल पळवली, ओळख मग झाली.

जांभ्या म्हणजे कुत्रा. जांभ्या दगडाच्या रंगाचा, डोक्यानेही तेवढाच कठीण. गणपती नुकते गेले होते. योगिनी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, आली होती, कारण गावात रेंज नाही आणि मुंबईच्या नितेशशी बोलायचं ठरलेलं. गणपतीत त्याच्या घरच्यांनी पोरगी पसंत केली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत बोला, मग काय ते उत्तर द्या, असं मोठ्यांनी ठरवून टाकलेलं. चप्पल काढून ती उंच कातळावर चढली, फोन वर धरला... तेवढ्यात कुत्र्याने डाव साधला.

"त्याच्या जागेवर उभ्या आहात तुम्ही," मागून कोणी म्हणालं.

"सातबारा आहे का त्याच्या नावावर?"

"आहे. वारस म्हणून माझं नाव चढलंय."

तो स्वरूप. खालच्या वाडीत आंब्याची कलमं बांधायचा. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला त्यालाही वरच यावं लागे. बोटं चिकाने काळी, हसणं मात्र लख्ख.

मग रोजचंच झालं.

नितेशला नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्याचं सगळं पुढचं. पुढच्या वर्षी मोठं घर, त्याच्या पुढच्या वर्षी गाडी, फिरायचं मग बघू. एकदा ती म्हणाली, "इथे आभाळ केशरी झालंय." तो म्हणाला, "हो का? बरं, तर मी काय सांगत होतो..."

स्वरूप काही सांगतच नसे. "ते बघा," एवढंच. खाली समुद्रात होड्या परतत असायच्या, वाळल्या गवतातून वारा सळसळायचा.

"रोज तेच काय बघता?"

"कालचं असं नव्हतं."

"आणि कलम बांधल्यावर? वाट बघवते?"

"वाट बघत बसलं की हात शिवशिवतात. रोज पट्टी सोडून बघितली तर कलम मरतं. बांधायचं आणि पाणी घालायचं."

तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला. दिवेलागणीला लग्न, त्याच्या आत उत्तर. अंगणात ऊस टेकवून योगिनी वर आली ती धापा टाकतच.

"आज सांगायचंय त्यांना," ती म्हणाली.

स्वरूप कितीतरी वेळ जांभ्याचे कान कुरवाळत राहिला. मग म्हणाला, "सूर्य टेकलाय. एवढा बघून घ्या..."

ती बसली. कातळ अजून ऊन होता. जांभ्याने तिच्या मांडीवर तोंड टाकलं. लाल गोळा पाण्यात अर्धा उतरला, आणि तिला जाणवलं — इतक्या दिवसांत हीच एक वेळ अशी, जेव्हा तिला पुढे कुठे जायचं नसतं.

फोन वाजला. जांभ्या दचकून उठला आणि निघून गेला.

"नितेश, माणूस तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली. "पण मला आजची सोबत हवी. माझा नकार समजा."

तिने फोन बंद करून कातळावर पालथा ठेवला.

"आता घरी?" स्वरूपने विचारलं.

"खरं तेच सांगेन. आई दोन दिवस भांडी आपटेल."

"मग एक खरं मीही सांगतो. गावात टॉवर चालू झालाय. दसऱ्यालाच."

"माहीत आहे. आमच्या चुलीपाशी फुल्ल रेंज येते."

"मग रोज एवढी चढण...?"

"तुम्ही कशाला चढता?"

"मी... जांभ्याला फिरवायला."

"जांभ्या केव्हाच घरी गेला. माझी चप्पल घेऊन."

स्वरूपने मागे वळून बघितलं. खरंच नव्हता. तो कानापर्यंत लाल झाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' निघालं.

"उद्या... तू येशील?"

खालून आईची हाक आली, लांब, चिडलेली. योगिनीने पाय पोटाशी घेतले आणि त्याच्या बाजूला जराशी सरकली.

"उद्याचं उद्या विचार," ती म्हणाली. "अजून उजेड आहे."