नारिंगी टोकाची बंदूक

"...आणि मित्रांनो, आता आपण खऱ्या बंदुकीची नळी अगदी जवळून—"

खण्ण!

मोबाइल स्टँडसकट टेबलावर आपटला.

"कट! कट!" भोंगा ओरडला. "चिमणे, तिसऱ्यांदा पाडलास! माझं इतकं छान वाक्य होतं!"

"मी नाही पाडला, तो घसरतोय!" चिमणीने मोबाइलची काच फुंकून पुसली. "आणि तुझं वाक्य काल पण हेच होतं."

भोंग्याला भोंगा का म्हणतात हे सांगायला नकोच. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीतली मांजरं दचकत. म्हणून निवेदन त्याच्याकडे. चिमणी अंगाने बारीक आणि डोळ्याने तीक्ष्ण, म्हणून कॅमेरा तिच्याकडे. तिसरा पणजोबा. वय वर्षं तेरा, पण बोलायला लागला की वाटावं हा स्वतः युद्धावरून कालच परत आलाय! इतिहासाचं खातं त्याचं.

सुट्टीत तिघांनी एका नकली बंदुकीचं परीक्षण करणारा व्हिडिओ बनवायला घेतला होता. ही बंदूक नाटकमंडळींनी नव्या नाटकासाठी विकत आणलेली. दिसायला हुबेहूब युद्धातली रायफल, पण स्प्रिंगच्या जोरावर उडवते फक्त प्लास्टिकचे छर्रे. तिची मूळ खरी बहीण भोंग्याच्या मामांकडे होती, कारण मामा गावातलं छोटंसं युद्धसंग्रहालय सांभाळत. तिच्या कपाटाची काच बदलायची होती, म्हणून ती सध्या मागच्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलावर पडून होती. काल तिघांनी दोघींना शेजारी शेजारी ठेवून मस्त चित्रण केलं होतं. आज खरीचे जवळून दोनचार तुकडे घेतले की काम फत्ते.

पण स्टँड काही चिकटेना. त्याच्या बुडाशी चुंबक होता. चिमणी तो नळीवर ठेवी आणि तो सरळ घसरून खाली येई.

"काल तर असा चिकटला होता की ओढून काढावा लागला," ती पुटपुटली. "पणजोबा, काल तू कॅमेऱ्यासमोर काय म्हणालास?"

पणजोबाने छाती फुगवली. "मी म्हणालो, खरी रायफल पोलादाची, चुंबक धरते. नकली जस्ताच्या मिश्रधातूची, ती चुंबकाला हिंग लावून विचारत..."

तो मधेच थांबला. तिघंही टेबलाकडे बघत राहिले.

"मग ही..." भोंगा आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलला, "ही नकली आहे?"

"आणि खरी कुठाय?" पणजोबाने विचारलं.

चिमणीला एकदम आठवलं. दुपारी तिचे बाबा घाईघाईने आले होते. बाबांचं रंगाचं दुकान. नाटकाचे पडदे रंगवायचे तेच आणि नाटकात क्रूर अधिकारी व्हायचे तेही. "बंदूक द्या हो, रंगीत तालीम आहे!" ते दारातूनच म्हणाले होते. मामा फोनवर काचवाल्याशी भांडत होते. त्यांनी फोन कानाशी धरूनच टेबलावरची एक बंदूक उचलली, पिशवीत घातली आणि देऊन टाकली.

"पण नकलीला तर पुढे नारिंगी टोक असतं ना?" भोंगा म्हणाला. "खेळण्यातली आहे हे लांबून कळावं म्हणून!"

"होतं," चिमणी म्हणाली. "बाबांनीच त्याला काळा रंग दिला. रंगमंचावरच्या दिव्यात ते गाजरासारखं दिसतं म्हणे. वर दस्त्याला काजळी चोळून तो जुना केला. म्हणाले, आता हिची सख्खी बहीणसुद्धा हिला ओळखणार नाही!"

कालच्या व्हिडिओत भोंग्याने त्याच कारागिरीला दहापैकी दहा दिले होते. वजन जवळपास सारखं, लाकूड खरं, रंग बेमालूम! आता ते कौतुक तिघांच्याही अंगाशी आलं.

"घाबरू नका," पणजोबा म्हणाला. "चिमणे, कालचा व्हिडिओ लाव. खरीचा मागचा भाग दाखव. मोठा कर."

पडद्यावर रायफलीचा बोल्ट दिसला. दाराच्या कडीसारखा तो मागेपुढे सरकवायचा, म्हणजे काडतूस आत जातं. बोल्टच्या अगदी मागे एक छोटा दट्ट्या होता.

"आतली स्प्रिंग ताणलेली असली की हा दट्ट्या बाहेर येतो," पणजोबा म्हणाला. "सैनिक अंधारात अंगठ्याने चाचपून ओळखायचे, बंदूक तयार आहे की नाही. मी हे काल पाठ करून घडाघडा म्हटलं! आणि समोर बघितलंच नाही!"

दट्ट्या स्पष्ट बाहेर आलेला होता.

चिमणीने स्टँड खिशात कोंबला आणि तिघं धावत मामांकडे गेले. मामा तिकिटाच्या टेबलाशी होते आणि फोन अजून कानालाच होता.

"मामा, बंदुकींची अदलाबदल झालीय!"

"अरे, काचेचं माप चुकवलंय त्या माणसाने, इथे मी कावलोय—"

"मामा, खरी बंदूक रिकामी आहे का?"

"रिकामीच असणार! एका म्हाताऱ्या सैनिकाच्या घरच्यांनी आणून दिली, तेव्हापासून बोल्ट गंजून बसलाय. उघडतच नाही."

"म्हणजे आत कोणी पाहिलंच नाही?" चिमणीने विचारलं. "असणार, की आहे?"

"आणि चाप? तो कोणी ओढून बघितला?" पणजोबाने विचारलं.

"छे! चापाला हात लावायचा नाही हा इथला नियमच आहे. जुना माल, तुटला तर..." मामांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मग त्यांनी मान झटकली. "उगीच राईचा पर्वत करू नका. काचवाल्याचं आटपलं की मी बघतो."

"तोवर तालीम संपेल!" चिमणी ओरडली. "शेवटच्या प्रवेशात बाबा चाप ओढतात! माझ्या ताईवर नेम धरून!"

पण मामांनी पुन्हा फोनवर "हॅलो, हॅलो" सुरू केलं होतं. मोठ्या माणसांचं हे असं असतं. आग लागली सांगितलं तर म्हणतात, आधी चपला जागेवर ठेव.

तिघांनी सायकली काढल्या. जाता जाता चिमणीने बाबांना फोन लावला. बंद. ताईचाही बंद. असणारच! तालमीआधी सगळ्यांचे फोन बंद करून दिग्दर्शकबाईंच्या टोपलीत जात. चिमणी दात आवळून पायडल मारत होती. भांडकुदळ, आरशासमोरून न हलणारी, तिच्या रंगपेट्या न विचारता घेणारी ताई! तिला काही झालं तर? आणि तेही बाबांच्या हातून? डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला समोरचा रस्ता धड दिसेना.

नाट्यगृहाचं मोठं दार आतून बंद होतं. भोंग्याने धडाधडा ठोकलं. कोणी आलं नाही.

"मागून!" चिमणी म्हणाली. "बाबांचे रंगाचे डबे जातात तिथून!"

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ओल्या रंगाचा वास, उभे केलेले लाकडी देखावे, पायात येणाऱ्या वायरी. अंधारात ठेचकाळत तिघं विंगेत पोचले आणि समोर रंगमंच उजळलेला दिसला.

ताई मधोमध उभी होती, निरोप्या मुलीच्या फाटक्या कोटात. समोर लष्करी वेशात बाबा. बंदूक खांद्याला. नळी सरळ ताईच्या छातीकडे. बोट चापावर.

ताईचं शेवटचं भाषण सुरू झालं होतं. ते चिमणीला पाठ होतं. महिनाभर ताई ते स्वयंपाकघरात, गच्चीवर, न्हाणीघरात म्हणत होती. शेवटचं वाक्य होतं, "निरोप पोचला आहे!" त्यावर बाबा चाप ओढणार आणि ध्वनिवाला 'ठो' आवाज लावणार.

"थांबा!" भोंग्याने जीव खाऊन आरोळी ठोकली. "थांबा! गोळी झाडू नका! बंदूक खरी आहे!"

आणि घात झाला! नाटकात त्याच जागी गावकऱ्यांचा जमाव ओरडायचा होता. गावकरी झालेल्या मंडळींना वाटलं, आपलीच वेळ आली. सगळे एका सुरात ओरडले, "थांबा! गोळी झाडू नका!"

"वाहवा!" प्रेक्षागृहातून दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "आज जमाव जिवंत वाटतोय! चालू द्या, थांबू नका!"

बाबांनी विंगेकडे पाहिलंसुद्धा नाही. काहीही होवो, प्रवेश तोडायचा नाही, ही बाईंची शिस्त. परवा ताईच्या पायात खिळा घुसला तरी ती बोलतच राहिली होती.

"तुम्ही मला थांबवाल," ताई म्हणत होती, "पण वाऱ्याला कसं थांबवाल..."

तीन वाक्यं उरली, चिमणीच्या मनात आलं. धावत मध्ये जावं? बाबा दचकले आणि बोट आवळलं गेलं तर? तिने पाऊल मागे घेतलं. नजर भिरभिरत वर गेली, बाजूला गेली आणि विंगेतल्या दोरावर थांबली.

"पडदा!" ती म्हणाली. "पडदा पडला की जो जिथे असेल तिथे पुतळा व्हायचं! हाही बाईंचाच नियम आहे!"

दोराजवळ कोणीच नव्हतं. पडदेवाले आजोबा पुढे खुर्चीत बसून नाटक बघत होते. दोर खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळलेला, वर करकचून गाठ.

"...माझ्या मागे दहा जण निघालेत..."

पणजोबाने नखांनी गाठ उकरायला सुरुवात केली. ती हलेना. भोंग्याने वरचा दोर खाली ओढून ढिला धरला. चिमणीने दातांनी गाठ पकडली. तोंडात काथ्याची चव आली.

"...आणि ऐका, अधिकारी..."

गाठ सुटली! दोर सळसळत वर गेला, भोंग्याचे तळहात सोलवटून गेला आणि धप्प करून जाड पडदा खाली आला.

सगळे जागच्या जागी गोठले. गावकरी हात वर करून उभे. ताईचं तोंड उघडं. बाबाही पुतळ्यासारखे स्थिर, पण नळी अजून तशीच आणि बोटही तिथेच.

चिमणी बाजूने हळूहळू पुढे गेली. "बाबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "चापावरचं बोट काढा. काही विचारू नका. आधी बोट काढा."

"चिमणे, हा काय पोरकटपणा—"

"बाबा, तुम्हाला माझी शप्पथ!"

बाबांनी बोट काढलं. तशी ती ताईला म्हणाली, "बाजूला हो." ताईने एरवी दहा प्रश्न विचारले असते. पण धाकटीचा पांढराफटक चेहरा बघून ती मुकाट्याने सरकली. मग चिमणीने खिशातून स्टँड काढला आणि बाजूने, हळूच, नळीला लावला.

टक्!

चुंबक घट्ट बसला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. रंगाच्या दुकानातला माणूस, जस्त काय आणि पोलाद काय, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे वळवली, बंदूक तिथेच अलगद ठेवली आणि मटकन खाली बसले.

"कोणी पडदा पाडला?" दिग्दर्शकबाई तणतणत वर आल्या. पण बाबांनी बंदूक खरी असल्याचं सांगताच थबकल्या. त्यांनीच सगळ्यांना बाहेर काढलं आणि पोलिसांना फोन केला.

पोलिसांचा शस्त्रतज्ज्ञ आला, बंदूक मागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेला. सगळ्यांना भिंतीआड उभं केलं होतं. तेल, हातोडीचे हलके ठोके, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी तो परत आला आणि त्याने तळहात उघडला. त्यावर एक काळवंडलेलं काडतूस होतं.

"भरलेलं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी उडालं असतं की नाही, कोण सांगणार? पण मी माझ्या मुलीसमोर चाप ओढून पाहिला नसता."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते रडत होते. चिमणीने त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिलाही रडू फुटलं.

तेवढ्यात धापा टाकत मामा आले. पोरांचे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात, म्हणून शेवटी त्यांनी टेबलावरच्या बंदुकीचं टोक नखाने खरवडलं होतं. काळ्याखाली नारिंगी! "पोरांनो, मी फोन ठेवायला हवा होता," ते म्हणाले. "तुम्ही तिघं माझ्यापेक्षा शहाणे निघालात. आजपासून आत काय आहे हे पाहिल्याशिवाय माझ्या दारातून एक वस्तू आत येणार नाही."

"आणि माझ्या नाटकात कोणी खरोखरच थांबा म्हणालं, तर नाटक थांबेल!" दिग्दर्शकबाईंनी भोंग्याच्या सोललेल्या हातांना मलम लावत सांगितलं. "काय रे, असा आवाज कमावलास कुठे?"

"जन्मजात आहे," पणजोबा म्हणाला. "शेजारी साक्ष देतील."

तेव्हा कुठे सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकानातला सगळ्यात भडक नारिंगी डबा उघडला आणि नकली बंदुकीचं टोक स्वतः रंगवलं. "दिसू दे गाजरासारखं!" ते म्हणाले. चिमणीने कॅमेरा धरला आणि भोंग्याने घसा खाकरला.

"तर मित्रांनो, वजन झकास, लाकूड झकास, कारागिरी झकास. पण परवा आम्ही दिलेले दहा गुण आम्ही परत घेत आहोत. जी खोटी वस्तू आपण खोटी आहोत हे लपवते, तिला शून्य! आता टोक रंगवलंय, म्हणून आता दहा."

ताई दाराला टेकून ऐकत होती. चित्रण संपल्यावर ती आली, चिमणीची वेणी नेहमीसारखी जोरात ओढली आणि मग तिला एकदम घट्ट मिठी मारली.

"कालचं माझं शेवटचं वाक्य राहूनच गेलं," ती चिमणीच्या कानात म्हणाली. "निरोप पोचला आहे."